गट नंबर ओळखतं का तुमचं सॉफ्टवेअर?

आधी कबुली. चूक माझीच होती. मेसचं डिपॉझिट परत द्यायचं म्हणून मागच्या सेमिस्टरला एक एक्सेल शीट केली. नाव, मोबाइल, आधार, बँक खातं, सगळं तिच्यात. आणि घाईघाईत सरळ होस्टेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून मोकळा झालो. तिसऱ्या दिवशी एका ज्युनिअरच्या वडिलांना फोन आला : "मुलाचं रिफंड अडकलंय, ओटीपी सांगा." वडील हळदीच्या रानात, चष्मा घरी, म्हणून वाचले. माहिती माझ्याच शीटमधून गेली का, हे मला सिद्ध करता येणार नाही. पण पोरगा एवढंच म्हणाला, "दादा, माझं आधार कशाला टाकलं तुम्ही?" यावर काय बोलणार?

त्यातूनच फायनल इयरचं प्रोजेक्ट निघालं. फाइल बाहेर जाण्याआधी तिच्यातली खासगी माहिती शोधून झाकायची. मायक्रोसॉफ्टचं प्रेसिडिओ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्याचा कोडही खुला आहे. ई-मेल, क्रेडिट कार्ड, अमेरिकेतला सोशल सिक्युरिटी नंबर त्याला तोंडपाठ. आपलं पॅन, आधार, गाडीचा नंबरसुद्धा त्यात आलेत. मला वाटलं, झालं प्रोजेक्ट!

सरांनी खऱ्या अर्जांना हात लावू दिला नाही (बरंच केलं). ऑफिसातल्या काकांनी त्याच धर्तीचे खोटे अर्ज हाताने टाइप करून दिले आणि माझी हवा गेली.

आपल्या होस्टेलात सेनगाव, औंढा, कळमनुरी, वसमतची पोरं. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्याला अल्पभूधारकाचा मुलगा म्हणून अर्ज करायचा तर तसा दाखला लागतो, म्हणजे जमिनीचा तपशील आलाच. काकांनी तो 'गट नं.', 'ग.नं.', 'गट क्र.', 'स.नं.' असा हवा तसा लिहिला. माणूस असाच लिहितो. सॉफ्टवेअरला त्यातलं एकही कळलं नाही. 'मु.पो.' तर त्याच्या गावीच नाही. शिवाय आकडे मराठीत. पॅटर्नमध्ये इंग्रजी शून्य ते नऊ अशी कंसात यादी असेल, तर देवनागरी आधार नंबर समोरून निघून जातो आणि यंत्र म्हणतं, फाइल स्वच्छ आहे. श्रीलिपी किंवा कृतीदेवमधल्या जुन्या फाइलींची तऱ्हा आणखी वेगळी. पडद्यावर 'गट' दिसतो, पण आत साठवलेली असतात भलतीच इंग्रजी अक्षरं.

म्हणून आपले पॅटर्न आपणच घालायचे. काम अवघड नाही. पण नुसतं 'आकडा, तिरकी रेघ, आकडा' असं लिहिलं की १२३/२ हा गट सापडतो आणि सोबत तारखा, रूम नंबर, टेस्टचे मार्कही सापडतात. त्यासाठी जवळपास 'गट', 'क्षेत्र', 'आर' असे शब्द असले तरच खात्री वाढव, असं त्याला सांगता येतं. आधारची गंमत वेगळी. यूपीआयचा व्यवहार क्रमांकही १२ आकडी! पण आधारचा शेवटचा आकडा व्हरहोफ नावाच्या पद्धतीने आधीच्या अकरांवरून काढलेला असतो. तो ताळा केला की दहातले नऊ भलते नंबर गळतात. दहावा अंगावर येतो. येऊ द्या. एक पावती उगाच झाकली गेली तर कुणाचं बिघडत नाही, एक आधार सुटलं तर बिघडतं.

देशातलं पहिलं आधार आपल्याच राज्यात दिलं गेलं, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० ला. तेव्हापासून हा नंबर आपण झेरॉक्सच्या दुकानापासून मेसच्या वहीपर्यंत वाटत सुटलोय. २०१६ च्या आधार कायद्यात तो जाहीर लावायला बंदी आहे. २०२३ ला वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. पण दिल्लीत कायदा झाला म्हणून सॉफ्टवेअरला गट नंबर समजत नाही, राव! तो समजावणार कोण? माझं स्पष्ट मत आहे की हे काम एकट्या कॉम्प्युटर ब्रँचचं नाही. मला रेग्युलर एक्स्प्रेशन येतं, पण अर्जात लोक काय काय लिहितात ते काकांना माहीत. प्रोजेक्टवर त्यांचंही नाव लागावं असं मी सरांना म्हटलं, तर सर हसले. मी चेष्टा करत नव्हतो.

आणि पॅटर्न कितीही घाला, "त्या गावातून इंजिनिअरिंगला आलेला एकुलता एक मुलगा, वडील नाहीत" हे वाक्य पकडलं जात नाही. त्यात ना आकडा, ना नाव, तरी अख्ख्या होस्टेलला कळतं तो कोण. तिथे शीट करणाऱ्यानेच थांबायला हवं. मी थांबलो नव्हतो.

आता रिफंडच्या शीटमध्ये फक्त रूम नंबर आणि रक्कम असते. बाकी वही रेक्टर सरांच्या कपाटात. तुमच्या तालुक्याकडे गट, खातं, पत्ता आणखी कुठल्या तऱ्हेने लिहितात, ते कागदावर लिहून ऑफिसातल्या काकांकडे द्या. आकडे मात्र खोटे घाला.