पिवळा धोतरा, धोतरा नव्हेच!

परवा एक शेतकरी गृहस्थ लालभडक डोळे घेऊन दवाखान्यात आले. डोळे चुरचुरत होते म्हणून घरच्यांनी पिवळ्या धोतऱ्याचा चीक घातला होता. "झाडपाल्याचंच तर औषध, डॉक्टर!" असे वर मलाच सांगत होते. हा उपाय पुष्कळ घरांत चालतो. माझे स्पष्ट मत आहे, की तो ताबडतोब बंद झाला पाहिजे.

मुळात नावानेच घोटाळा केला आहे. शंकराला वाहतात तो धोतरा वांगी-मिरचीच्या कुळातला. त्याचे फूल एकसंध, कर्ण्यासारखे. पडीक रानात दिसणारी ही काटेरी, पिवळ्या फुलांची वनस्पती मूळची मेक्सिकोकडची आणि कुळाने अफूची बहीण. फूल उमलताच बाहेरची हिरवी दले गळून पडतात. पाकळ्या चार ते सहा, सुट्या, चुरगळलेल्या रेशमासारख्या. मध्ये केसरांचा झुबका आणि पुढे बियांनी गच्च भरलेले बोंड. कोठेही मोडा, चीक येतो. अफूचा पांढरा, हिचा पिवळा. एवढी ओळख पटली, की काट्यांवरून फसगत होत नाही.

मात्र दोघी बहिणींत एक मोठा फरक आहे. अफूच्या बोंडाचा चीक मादक, पण त्यातलेच पिकलेले बी म्हणजे आपली अनारशांवरची खसखस. पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलात मात्र सँग्विनरीन नावाचे विष असते आणि ते बी दिसते मोहरीसारखे! मोहरीत ते मिसळले, की तेलात विष उतरते. १९९८ साली दिल्लीत अशा तेलाने साठांहून अधिक माणसे दगावली. पायांवर सूज, जुलाब, धाप, काहींना काचबिंदू आणि शेवटी हृदय थकते. यावर खास उतारा नाही.

आपल्याकडे मोहरीचे तेल स्वयंपाकात कमी, हे खरे. पण मालिशीला ते सर्रास आणतात आणि नुसत्या मालिशीनेही हा आजार झाल्याची उदाहरणे आहेत. "सुटे तेल, समोर घाण्यावर काढलेले, म्हणजे शुद्ध" हे मला पटत नाही. घाण्यात काय पडले, ते कोण पाहतो? तेल तापवले म्हणजे विष गेले, असेही समजू नये. घाण्याला मोहरी देणार असाल, तर चार दाणे तळहातावर घेऊन पाहा. मोहरी गुळगुळीत, फोडली तर आत पिवळी. धोतऱ्याचे बी काळे, खरखरीत आणि आतून पांढरे.

घरातल्या दोघातिघांचे पाय एकाच वेळी सुजले, तर तेल वापरणे त्या क्षणी थांबवा. दवाखान्यात जाताना तेलाची बाटली बरोबर न्या. ती ओतून टाकू नका.