हातचं कॉलेज आणि पळतं कॉलेज

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत न्यूजर्सीला चुलत दादाकडे गेलो होतो. जेवणं झाली आणि वहिनीने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला. ‘‘तू इंजिनीअर ना, बघ जरा हिची यादी.’’ पुतणी यंदा बारावीत आहे, म्हणजे इथल्या भाषेत सिनियर. एक्सेलमध्ये एकोणीस कॉलेजं. पहिली चौदा अशी, की त्यांची नावं साताऱ्यातल्या आमच्या काकूलाही पाठ आहेत. अगदी शेवटच्या ओळीत रटगर्स आणि पुढे शेरा : ‘सेफ्टी’. तो अर्ज अजून उघडलेलाही नव्हता. ‘‘तिथे काय, मिळेलच,’’ दादा म्हणाला. पुतणी काहीच बोलली नाही.

इथे राहणाऱ्यांना हा प्रकार माहीत आहे, पण तिकडच्या नातेवाइकांसाठी थोडक्यात सांगतो. मुलं कॉलेजांचे तीन गट करतात. ‘रीच’ म्हणजे नशिबाची साथ लागेल अशी, ‘टार्गेट’ म्हणजे बरोबरीची आणि ‘सेफ्टी’ म्हणजे जिथे प्रवेश जवळजवळ नक्की अशी. आपण गणितात हातचा धरतो ना, तसं हे हातचं कॉलेज.

आपल्या पिढीला यात गंमत वाटते, कारण आपण वेगळ्या पद्धतीत वाढलो. सीईटीचे मार्क आले की मागच्या वर्षीच्या कटऑफची पुस्तिका घेऊन बसायचं आणि विकल्प अर्ज भरायचा. वर सीओईपी, व्हीजेटीआय, आणि खाली उतरत उतरत गावाजवळचं कॉलेज. खालचे पर्याय फुकट असायचे. एक ओळ जास्त लिहायची, बस्स. मार्कांप्रमाणे यंत्रणा जिथे बसेल तिथे बसवायची.

इथे कटऑफ नावाची गोष्टच नाही. प्रत्येक कॉलेज स्वतंत्रपणे निर्णय घेतं, वेगळी फी घेतं, अनेक जण वेगळे निबंध मागतात. शिवाय ‘हा मुलगा आमच्याकडे खरंच येणार का’ हेही काही कॉलेजं पाहतात. निबंधात दुसऱ्याच कॉलेजचं नाव राहून गेलेला, घाईत भरलेला अर्ज तिथेही नाकारला जाऊ शकतो. म्हणजे इथे सेफ्टीलाही कष्ट पडतात. आणि बऱ्याच मोठ्या सरकारी विद्यापीठांची मुदत खासगी कॉलेजांच्या आधी, १ डिसेंबरच्या आसपासच संपते. ‘मिळेलच’ म्हणून शेवटी ठेवलेला अर्ज नेमका राहून जातो तो असा.

आता आकडे बघू. हार्वर्डकडे २०२४ च्या प्रवेशासाठी ५४,००८ अर्ज आले, प्रवेश मिळाला १,९३७ जणांना. शंभरात चारसुद्धा नाहीत. यूसीएलएसारख्या सरकारी विद्यापीठातही सुमारे १ लाख ४५ हजार अर्ज येतात आणि दहातल्या एकालाही जागा मिळत नाही. कॉमन ॲपवर एकाच खात्यातून वीस कॉलेजांना अर्ज करता येतो. त्यात २०२० च्या साथीत बहुतेकांनी एसएटीची अट काढली, तेव्हापासून अर्जांचा पूर आला. एमआयटीने २०२२ मध्ये आणि हार्वर्ड, डार्टमथ, ब्राऊन वगैरेंनी २०२४ मध्ये परीक्षा परत आणली, पण जागा काही वाढल्या नाहीत. २९ जून २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशातला वंशाचा विचार रद्द केला, तेव्हा आपल्याकडे अनेकांना वाटलं की आता आपल्या मुलांची वाट मोकळी झाली. रांगेचा क्रम थोडाफार बदलला असेल, दार तेवढंच राहिलं.

इथेच आपल्यासारखे इंजिनीअर आईबाप एक चूक करतात. दादानेही केली होती. एका कॉलेजात ५ टक्के शक्यता, मग वीस ठिकाणी अर्ज केले तर निदान एक मिळण्याची शक्यता किती? सूत्राने उत्तर येतं सुमारे ६४ टक्के. झालं, निश्चिंत! पण हे सूत्र फाशांसाठी आहे. प्रत्येक फाशाला आधीच्याचं काही देणंघेणं नसतं. इथे तेच मार्क, तेच निबंध, त्याच शिक्षकांची शिफारसपत्रं वीस टेबलांवर जातात. एका टेबलावर जे कमी पडलं ते दुसऱ्यावरही कमी पडण्याचा संभव मोठा. त्यामुळे वीस लॉटऱ्या मिळून एक खात्री होत नाही.

पालो आल्टोच्या स्टॅन्ली झाँगची गोष्ट २०२३ मध्ये आपल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरली होती. एसएटी १५९०, शाळेत असतानाच स्वतःची स्टार्टअप. कॉम्प्युटर सायन्ससाठी अठरा ठिकाणी अर्ज केले, सोळा ठिकाणी नकार. टेक्सास आणि मेरीलँड या दोन सरकारी विद्यापीठांनी घेतलं, आणि त्यानंतर गूगलने पूर्ण वेळ नोकरी दिली. पुढे या कुटुंबाने कॅलिफोर्निया विद्यापीठावर खटलाही भरला. त्याचं काय व्हायचं ते कोर्टात होईल. आपल्या कामाची गोष्ट ही, की नकार देणाऱ्यांत यूसी डेव्हिस आणि सँटा बार्बराही होती, म्हणजे अशा मार्कांच्या मुलांचे आईबाप ज्यांना सहज हातचं धरतात ती.

मग हातचं कॉलेज ओळखायचं कसं? माझ्या मते तीन प्रश्न विचारावेत.

पहिला : प्रवेश नक्की आहे का, आणि तोही हव्या त्या विषयाला? टेक्सासमध्ये १९९७ च्या कायद्याने शाळेतल्या वरच्या १० टक्के मुलांना सरकारी विद्यापीठात हक्काची जागा मिळते. ऑस्टिनच्या मुख्य विद्यापीठापुरती ही मर्यादा खाली खाली येत आता ५ टक्क्यांवर आली आहे. पण हमी विद्यापीठाची आहे, विषयाची नाही. कॉम्प्युटर सायन्सची स्पर्धा वेगळीच. इलिनॉय, वॉशिंग्टन इथेही तेच. विद्यापीठाचा एकूण टक्का भरघोस दिसतो, पण कॉम्प्युटर सायन्सचा एक आकडी असतो, आणि ‘आधी दुसऱ्या विषयात शिरू, मग बदलून घेऊ’ ही आपली जुनी युक्ती तिथे जवळजवळ बंद आहे. आपल्या घरांतून दर दुसरा अर्ज याच विषयाचा जातो, म्हणून हे मुद्दाम सांगतो. कॉलेजं ‘कॉमन डेटा सेट’ नावाचं पत्रक प्रसिद्ध करतात. कशाला किती महत्त्व देतात ते त्यात असतं. ते वाचा आणि विषयाचा वेगळा आकडा शोधा.

दुसरा : पैसा नक्की आहे का? नामांकित खासगी कॉलेजांचा राहण्याजेवणासकट खर्च आता वर्षाला ९० हजार डॉलरच्या पुढे गेला आहे. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ असतो, तो कायद्यानेच बंधनकारक आहे. अर्ज करण्याआधी अर्धा तास त्याला द्या. ग्रीन कार्डच्या रांगेतल्या आपल्या घरांना तर हा प्रश्न जास्त बोचतो. एच-४ वरच्या मुलांना सरकारी मदत मिळत नाही, आणि अनेक खासगी कॉलेजं त्यांना मदतीसाठी परदेशी विद्यार्थी धरतात. बऱ्याच राज्यांत त्यांना राज्यातल्यांची फी लागते, पण एकविसावं वर्ष उलटलं की एच-४ संपतो, एफ-१ घ्यावा लागतो आणि ती सवलत टिकेलच असं नाही. तिसऱ्या वर्षी फी दुप्पट झाली तर ते हातचं कॉलेज कसलं? प्रवेश कार्यालयाला हे आधीच लेखी विचारून ठेवा.

तिसरा : मूल तिथे आनंदाने जाईल का? हा प्रश्न आपल्या घरांत बहुधा विचारलाच जात नाही. यादीतली वरची कॉलेजं मंडळाच्या गणपतीत सांगायला असतात आणि खालचं कुणाला कळू नये म्हणून. मुलांना हे न सांगता कळतं. मग मार्चअखेर नकारांच्या ईमेल येतात आणि ज्या एका ठिकाणाहून होकार असतो, ते घरात वर्षभर ‘तिथे काय’ म्हणून ओळखलं गेलेलं असतं. सतरा वर्षांच्या पोरीला त्या दिवशी वाटतं, आपणही ‘तिथे काय’च आहोत.

खरं तर हे आपल्याला कळायला हवं. मी स्वतः विकल्प अर्जातल्या अकराव्या ओळीतला विद्यार्थी आहे. माझ्या कॉलेजचं नाव इथल्या एकाही इंटरव्ह्यूमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. इथल्या आपल्या माणसांत असे कितीतरी सापडतील. अभ्यासही काहीसं हेच सांगतो. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांना दिसलं, की सारख्याच ताकदीच्या आणि सारख्याच ठिकाणी अर्ज केलेल्या मुलांच्या पुढच्या कमाईत, नामांकित कॉलेजला गेल्याने सरासरी फारसा फरक पडत नाही. गरीब घरांतल्या आणि पहिल्या पिढीच्या मुलांना मात्र पडतो. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दुसरी बाजूही दाखवली : अगदी वरच्या एक टक्का कमाईत पोहोचण्याची शक्यता मोठ्या नावाने वाढते. म्हणजे नावाला किंमत आहे, खोटं कशाला बोला? वरच्या चौदा ठिकाणी जरूर अर्ज करावा. पण यादी खालून वर लिहावी. आधी दोन-तीन हातची कॉलेजं नीट निवडावीत, त्यातलं एखादं पिट्सबर्गसारखं, अर्ज येतील तसे निकाल देणारं असावं. डिसेंबरात एक होकार घरात असला की बाकीचे निबंधही मोकळ्या मनाने लिहिले जातात.

त्या रात्री मी पुतणीला विचारलं, ‘‘तुला स्वतःला रटगर्स कसं वाटतं?’’ ती आईकडे बघत म्हणाली, ‘‘काका, मला आवडतं. मैत्रिणीच्या ताईबरोबर दोनदा जाऊन आले. तिथे रोबोटिक्सची लॅब बघितली.’’ दादा-वहिनींना हे पहिल्यांदाच कळत होतं. दादा थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, ‘‘उघड तो अर्ज.’’

तिकडच्या आजी-आजोबांना, काका-मामांना एक विनंती. एप्रिलमध्ये फोन कराल तेव्हा ‘हार्वर्डला नंबर लागला का?’ असं विचारू नका. ‘कुठे जायचं ठरवलंस, आणि तिथे काय काय आहे?’ असं विचारा. १ मेपर्यंत तिला उत्तर ठरवायचं आहे, आणि ते सांगताना तिचा आवाज खाली जाऊ नये, एवढंच.