सोबत चालणे म्हणजे भेटणे नव्हे

‘निसर्गात चला, नवी माणसे भेटतील’ अशी ग्वाही देत हल्ली शहरांतून एकदिवसीय पदभ्रमणे निघतात. दहा-बारा जणांचा गट, पुढे वाटाड्या, संध्याकाळी घरी. कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याकडे, गौताळ्याच्या रानात जाणाऱ्या अशा गटांतून आम्हीही चाललो आहोत. एकाकी शहरवासीयाला तिथे मित्र मिळतात, हे आम्ही नाकारत नाही. आमचा आक्षेप ‘नवी’ या विशेषणाला आहे. आपल्याइतकेच शुल्क भरणारे, आपल्यासारखीच रविवारची सुटी असणारे, आपलीच भाषा बोलणारे सहप्रवासी नवे कसे? त्याच तालुक्यातील देवगाव रंगारीच्या शिवारात कापूस वेचणारी बाई मात्र गटाच्या लेखी छायाचित्रापुरती उरते. आणि परतीच्या गाडीत वाटाड्याचे नाव कुणालाच सांगता येत नाही, आम्हालाही आले नाही.

इरावती कर्वे यांनी ‘परिपूर्ती’तील ‘वाटचाल’ या लेखात वारीचा अनुभव लिहिला आहे. एकाच दिंडीत चालणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगळे बसत, याचे त्यांना दुःख झाले. विठ्ठलनामानेही जी पंगत तेव्हा एक झाली नाही, ती शुल्काच्या पावतीने होईल काय?

म्हणून आमची मागणी साधी आहे. वाटाड्याला पंगतीत बसवा; ज्याच्या बांधावरून जाता, त्याला विचारून जा; गटातील दोन जागा गावातल्या मुलामुलींसाठी विनाशुल्क ठेवा. तोवर ‘नवी माणसे’ हे शब्द जाहिरातीतून काढून टाकावेत.