डायलिसिस घरी येण्याआधी



मधुमेहाचा किडनीवर काय परिणाम होतो याविषयी मागे या सदरात आम्ही लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांत एक प्रश्न वारंवार होता : 'डॉक्टर म्हणतात पोटातून घरच्या घरी डायलिसिस होईल. मग घरात तयारी काय करायची?' उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल माफी असावी. त्याच काळात हा प्रश्न आमच्याच दाराशी येऊन उभा राहिला होता. म्हणून या वेळी आमच्याच घरचे लिहितो.

अब्बांना वीस वर्षांपासून मधुमेह. किडनीचे काम हळूहळू कमी होत गेले आणि रजब महिन्यात डॉक्टरांनी सांगितले की आता डायलिसिस टाळता येणार नाही. मशीनवरचे डायलिसिस घ्यायचे तर आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. केंद्र आमच्या गावापासून साठ किलोमीटर. कोकणातला घाटरस्ता, पावसाळ्यात दरड कधी येईल सांगता येत नाही. दुसरा मार्ग पोटातल्या डायलिसिसचा. आपल्या आतड्यांभोवती पेरिटोनियम नावाचे पातळ अस्तर असते, त्यात रक्ताच्या बारीक नसांचे जाळे असते. पोटात एक मऊ नळी कायमची बसवतात. तिच्यातून औषधी पाणी आत सोडतात. ते चार ते सहा तास पोटात राहते, अस्तरातून रक्तातली घाण आणि जादा पाणी त्यात उतरते, मग ते काढून टाकून नवे भरतात. याला मशीन लागत नाही, वीज लागत नाही. रात्री झोपेत मशीनने करण्याचाही प्रकार आहे, पण आमच्याकडची वीज पाहता आम्ही तो विचार सोडून दिला.

अब्बा पहिल्यांदा 'नको' म्हणाले. 'माझे वय झाले. हा पैसा नातवंडांच्या शिक्षणाला ठेवा. आणि सूनबाईने माझ्या पोटाला हात लावायचा काय?' हे शेवटचे वाक्य त्यांनी हळू आवाजात म्हटले, पण खरा अडसर तोच होता. आम्ही भावंडांनी मनातल्या मनात ठरवूनच टाकले होते की भाभी करील. भाभीला कोणी विचारलेही नव्हते. हे लिहिताना आम्हाला लाज वाटते, पण बहुतेक घरांत असेच होत असणार म्हणून लिहितो. घरात सून आहे म्हणजे दिवसातून चार वेळा, सणासुदीसकट, एकही सुट्टी न घेता ती हे काम करील, असे गृहीत धरणे अन्याय आहे.

गोष्ट सुटली ती रुग्णालयातल्या सिस्टरमुळे. अब्बांनी त्यांना विचारले, 'बाई, हे मी माझ्या हाताने करू शकेन काय?' त्या म्हणाल्या, 'चाचा, डोळ्यांना दिसते, बोटे चालतात, तर तुम्हीच करायचे. बाकीच्यांनी फक्त शिकून ठेवायचे.' अब्बांनी तीस वर्षे जहाजावर काढलेली. दोरखंडाच्या गाठी अंधारात मारलेला माणूस. त्या दिवशी घरी येताना गाडीत ते पहिल्यांदा नळीविषयी चौकशी करू लागले.

नळी बसवण्याआधी एक गोष्ट आवर्जून सांगा, जी आम्हाला ऐनवेळी सुचली. नळी पोटाच्या कातडीतून बाहेर कुठे काढायची याची खूण डॉक्टर आधी करतात. त्या वेळी रुग्णाला नेहमीचेच कपडे घालून न्या. अब्बा लुंगी नेसतात आणि गाठ नेमकी बेंबीखाली येते. डॉक्टरांनी त्यांना उभे करून, बसवून पाहिले आणि गाठ घासणार नाही अशी जागा धरली. पायजम्याची नाडी, साडीची गाठ, सलवारीचे नेफे, सगळ्यांचे तसेच. पूर्वी पोटाच्या शस्त्रक्रिया झाल्या असतील, हर्निया असेल, तर तेही लपवू नका. काही पोटांना हा मार्ग सोसत नाही, आणि ते आधी कळलेले बरे.

शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन आठवडे नळी वापरली नाही. जखम भरू द्यावी लागते. या काळात वजन उचलायचे नाही, पट्टी घरी सोडायची नाही आणि बद्धकोष्ठ होऊ द्यायचे नाही. ही शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण आतडी फुगली की नळीची वाट अडते आणि पाणी नीट बाहेर येत नाही. नमाजसाठी डॉक्टरांनी वाकायला मनाई केली, म्हणून अब्बा खुर्चीवर बसून इशाऱ्याने पढत होते. त्यांना ते जड गेले. आजारी माणसाला बसून, तेही जमले नाही तर आडवे होऊन नमाज पढण्याची सवलत आहे हे त्यांनीच आम्हाला लहानपणी शिकवलेले.

हेच दोन आठवडे घराच्या तयारीचे. अब्बांची खोली आम्ही रिकामी केली. गालिचा गुंडाळला, जाड पडदे काढले, कपाटावरची धूळ धरणारी सगळी बोचकी माळ्यावर गेली. सनमायकाचे एक टेबल आणले, पुसायला सोपे म्हणून. भिंतीत पलंगाजवळ उंच खुंटी ठोकली, कारण भरायची बॅग पोटापेक्षा वर टांगावी लागते आणि निचऱ्याची बॅग खाली जमिनीवर ठेवावी लागते. सारे काम उतारावर चालते. बॅग मोजायला स्प्रिंगचा काटा, माणसाचे वजन करायला दुसरा काटा, रक्तदाबाचे यंत्र, घड्याळ, झाकणाची कचराकुंडी. खोलीलगत बेसिन नव्हते, ते बसवून घेतले.

बेसिनवरून घरात वाद झाला. फुफी म्हणाल्या, 'आपण दिवसातून पाच वेळा वुजू करतो, आणखी किती हात धुवायचे?' प्रशिक्षणात सिस्टरनी आम्हा सगळ्यांना हात धुऊन दाखवायला लावले आणि एकालाही पास केले नाही. वुजूची पाकी आपल्या जागी, पण इथे साबण हवा, अंगठ्याभोवती, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली चोळायला हवे, अंगठी-बांगडी काढायला हवी. आणि सर्वांत मोठी चूक आम्ही हात पुसताना करत होतो. दाराआड खिळ्याला लटकणारा घराचा सामायिक टॉवेल! आता कागदी रुमालाने पुसतो आणि नळही त्याच कागदाने बंद करतो.

बॅग जोडताना आणि सोडताना दार-खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क. जोडणी झाली की पंखा लावायला हरकत नाही. मांजर मात्र कायमची हद्दपार. अब्बांच्या पायाशी झोपणारी आमची मनी आता पडवीत असते. मांजर घरात नापाक मानत नाहीत हे खरे, पण तिने खेळता खेळता नळीला दात लावला तर पोटात जंतू जातात, आणि असे झाल्याची उदाहरणे डॉक्टरांनी पाहिली आहेत.

बॅगा किती लागतात याचा अंदाज आम्हाला नव्हता. दिवसाला दोन लिटरच्या चार, म्हणजे महिन्याला १२० बॅगा, जवळजवळ अडीचशे किलो माल. टेम्पो गल्लीत शिरेना, तेव्हा मोहल्ल्यातल्या पोरांनी खोकी डोक्यावर आणली. खोकी थेट जमिनीवर ठेवायची नाहीत, भिंतीला टेकवायची नाहीत, उन्हात ठेवायची नाहीत. आम्ही फळ्यांचा मंच करून घेतला. आधी आलेला माल आधी वापरायचा म्हणून खोक्यांवर तारखा मोठ्या अक्षरांत लिहिल्या. आमच्याकडे जूनमध्ये भिंतींना ओल येते आणि रस्ता कधीही बंद होतो, म्हणून मे महिन्यात दीड महिन्याचा साठा घ्यायचे ठरवले आहे.

खर्चाचे स्पष्ट बोलले पाहिजे. आम्हाला बॅगांसाठी महिना पंचवीस हजारांच्या वर लागणार आहेत. दुबईचा भाऊ निम्मे पाठवतो. जमातीतले एक भले गृहस्थ म्हणाले की तुमची स्वतःची जकातही यातच घाला. पण मुलाने बापाला जकात देता येत नाही, बापाचा खर्च ही मुलाची जबाबदारीच आहे. ज्यांना झेपत नाही त्यांनी मात्र संकोच न करता बैतुलमाल आणि रुग्णालयातील समाजसेवा विभाग या दोन्ही ठिकाणी नळी बसवण्यापूर्वीच बोलावे. चार महिने करून पैशाअभावी थांबणे फार वाईट.

आहाराने तर घर उलटेपालटे झाले. दोन वर्षे अब्बांचे मांस-मासे मोजून दिले जात होते. आता डॉक्टर म्हणतात, प्रथिने वाढवा, कारण निचऱ्याच्या पाण्यातून ती रोज वाहून जातात. अंड्याचा पांढरा भाग, कोंबडी, ताजी मासळी. फुफींना वाटले आम्ही ऐकण्यात चूक केली, त्यांनी स्वतः सिस्टरना फोन लावून खात्री केली. सुकट, लोणचे, पापड यांवर बंदी आहे ती मिठामुळे, कारण मीठ आले की तहान आली. आणि औषधी पाण्यात ग्लुकोज असते, त्यातले काही रक्तात जाते. त्यामुळे मधुमेह असणाऱ्यांची साखर वाढते. अब्बांचे इन्शुलिन वाढवावे लागले.

पहिली चूक पहिल्याच आठवड्यात आमच्या हातून झाली. पाणी अंगाइतके कोमट करून भरावे लागते, नाहीतर पोटात कळ येते. त्यासाठी विजेवरची गरम पिशवी मिळते. वीज गेली आणि आमच्यातल्या एका शहाण्याने बॅग गरम पाण्याच्या बादलीत बुडवली. सिस्टरना कळवले तेव्हा त्यांनी फोनवरच चांगले सुनावले. बादलीतले पाणी जोडणीच्या तोंडाशी राहिले तर जंतू थेट पोटात. उष्णता नेहमी कोरडी हवी. ती बॅग फेकून दिली. आता वीज असतानाच पुढची बॅग गरम करून गोधडीत गुंडाळून ठेवतो.

ज्याची सगळ्यांत भीती घातली गेली तो म्हणजे पोटातला संसर्ग. निचऱ्याचे पाणी फिक्या पिवळ्या रंगाचे, पण स्वच्छ असायला हवे. बॅगेखाली छापील कागद ठेवून अक्षरे वाचता येतात का ते पाहायचे. आमच्याकडे त्यासाठी याच मासिकाचा जुना अंक आहे. अक्षरे पुसट दिसली, पोट दुखले, ताप आला, यांपैकी काहीही झाले तर रात्र असो की ईद, लगेच फोन करायचा आणि तीच गढूळ बॅग बरोबर घेऊन जायचे. ती ओतून टाकायची नाही. घाबरून पहिल्यांदा हात तिकडेच जातो. रुग्णालयाचा नंबर दारामागे मोठ्या अक्षरांत लावला आहे, घरातल्या मुलांनाही दाखवून ठेवला आहे.

पाहुण्यांचे काय करावे हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. आजाऱ्याला भेटायला जाणे सुन्नत, त्यामुळे रोज चार माणसे येतात आणि थेट पलंगावर येऊन बसतात. आम्ही पडवीत खुर्च्या मांडल्या, दारावर पाटी लावली. एक बुजुर्ग रागावून परत गेले. अब्बांनी दुसऱ्या दिवशी स्वतः त्यांना फोन करून चहाला बोलावले, पडवीत.

कामाची वाटणी आता अशी : जोडणी अब्बा स्वतः करतात, नळीच्या तोंडाची रोजची स्वच्छता धाकटा भाऊ करतो, टेबल पुसणे, बॅगेची तारीख पाहणे आणि साठ्याचा हिशेब भाभीकडे. भाभी आणि धाकटा दोघेही पूर्ण शिकले आहेत, कारण एक माणूस आजारी पडू शकतो. नोंदवही अब्बा कोणाला हात लावू देत नाहीत. किती भरले, किती निघाले, वजन, रक्तदाब, साखर, आणि शेवटच्या रकान्यात हवामान. हवामान कोणी सांगितलेले नाही. जहाजावरची सवय.

हे लिहितो तेव्हा पहिली बॅग लावून अकरा दिवस झाले आहेत आणि रमजान आठवड्यावर आला आहे. रोज्याविषयी आम्ही मौलानांना घरी बोलावून सगळी रीत दाखवली. ग्लुकोज आत जाते हे ऐकून त्यांनी सांगितले की रोजा राहणार नाही, शिवाय अशा आजारात सवलत आहेच, प्रत्येक रोज्यामागे एका गरजूच्या जेवणाचा फिदया द्या. वुजू आणि गुस्लविषयीही विचारले. त्यात हनफी आणि शाफई मसलकांत फरक पडतो, म्हणून वाचकांनी आपापल्या आलिमांना सगळी रीत दाखवूनच विचारावे.

अब्बा ऐकून घेत होते. आयुष्यात जहाजावर उन्हाळ्यातही रोजा न सोडलेला माणूस. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग नोंदवही उघडून त्यांनी वेळा बदलल्या : पहिली बॅग फजरनंतर होती, ती सहरीच्या वेळी घेतली. भाभीला म्हणाले, 'तुम्ही सगळे उठालच, तर मीही उठतो.'