‘औद्योगिक अपघाता’चा अर्थ

25 ऑगस्ट 2014 रोजी अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात, लास व्हेगासच्या पर्यटकांना आकर्षित करणाऱ्या एका नेमबाजी मैदानावर नऊ वर्षांच्या मुलीच्या हाती ‘उझी’ ही स्वयंचलित बंदूक देण्यात आली. पहिली गोळी एकेरी झाडली गेली. मग बंदूक स्वयंचलित करण्यात आली. मिनिटाला सुमारे 600 गोळ्या सोडणाऱ्या त्या शस्त्राचा धक्का कोवळ्या हातांना आवरला नाही. नळी उसळली आणि शेजारी उभा असलेला प्रशिक्षक गोळी लागून मरण पावला. आठ वर्षांवरील मुलांना पालकांसमक्ष तेथे मुभाच होती. खटला कोणावरही झाला नाही. पोलिसांनी या घटनेस ‘औद्योगिक अपघात’ मानले.

हा शब्दप्रयोग नकळत सत्य बोलून गेला. मैदान हा उद्योगच होता आणि मेलेला माणूस त्यातील कामगार होता.

अमेरिकेत 1934 च्या कायद्याने मशीनगनवर नोंदणी व 200 डॉलरचा कर लादला. 1986 च्या कायद्याने नव्याने बनणाऱ्या मशीनगन खाजगी नागरिकांना मिळणे बंद केले. परिणामी जुन्या बंदुकांच्या किमती हजारो डॉलरांवर गेल्या. मालकी धनिकांपुरती उरली. इतरांसाठी गोळ्या मोजून भाड्याने देण्याचा धंदा फोफावला. बाळगण्यावर कडक निर्बंध, पण भाड्याने हाताळणाऱ्याचे वय मात्र मैदानमालक ठरवणार, असा हा विपर्यास आहे.

योग्य देखरेख असल्यास हा खेळ निर्धोक आहे, असे त्याचे समर्थक म्हणतात. बहुतेक दिवस कोणास इजा होत नाही, हेही खरे. परंतु देखरेख म्हणजे कोण? तोच पगारी प्रशिक्षक. गिऱ्हाइकाने ज्या क्षणाचे पैसे मोजलेले असतात, त्याच क्षणी बंदुकीवरचा ताबा त्याला सोडून द्यावा लागतो. 2008 साली मॅसॅच्युसेट्समध्ये आठ वर्षांचा मुलगा अशाच उसळलेल्या बंदुकीने मेला होता. तो धडा सहा वर्षांनंतरही अ‍ॅरिझोनात पोहोचला नव्हता.

तेव्हा प्रश्न करमणुकीवर बंदी घालण्याचा नाही. वयाची अट कायद्याने घातली पाहिजे, नवख्याच्या हातातील बंदूक पक्क्या आधाराला जखडलेली असली पाहिजे आणि मुख्य म्हणजे, ‘हे गिऱ्हाईक मी घेणार नाही’ असे म्हणण्याचा हक्क रोजगार न गमावता प्रशिक्षकाला मिळाला पाहिजे. ज्या कामगाराला नकार देता येत नाही, त्याच्या भरवशावर सुरक्षिततेची हमी देणे ही निव्वळ फसवणूक होय.