वारणेचा तह: पेठ वडगावचं ठाणं पाडायची अट का होती?

ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. साताऱ्याचे खटलेही आता तिथेच चालतात. तीनशे वर्षांपूर्वी चित्र उलटं होतं. छत्रपतींच्या दोन गाद्यांपैकी सातारा बलाढ्य होता.

1730 मध्ये साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या फौजेने कोल्हापूरच्या संभाजीराजांचा वारणेकाठी पराभव केला. एप्रिल 1731 मध्ये तह झाला.

तहात काय ठरलं?
वारणेच्या दक्षिणेचा तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख कोल्हापूरला मिळाला. मिरज, अथणी, तासगावची ठाणी मात्र साताऱ्याला द्यावी लागली. एकमेकांचे चाकर ठेवायचे नाहीत, असंही ठरलं. आणि वडगावचं ठाणं पाडायचं होतं. म्हणजे मुलूख कोल्हापूरचा, पण सरहद्दीजवळ ठाणं ठेवायचं की नाही, हे शेजारी ठरवणार.

मग कोल्हापूरने कमावलं काय?
स्वतंत्र गादी. इंग्रजांनी 1848 मध्ये सातारा खालसा केलं, कोल्हापूर संस्थान 1949 पर्यंत टिकलं. म्हणूनच 1902 मध्ये राजर्षी शाहू महाराज नोकऱ्यांत 50 टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवू शकले. ठाणं गेलं, पण निर्णय घेण्याची जागा कोल्हापूरकडेच राहिली.