सुया, उलथने आणि रिकामपणाचा आरोप

घरचा स्वयंपाक आणि लोकरीचे विणकाम यांना छंद म्हणायला आपल्याकडची शिकलेली माणसे सहसा तयार नसतात. गिर्यारोहण हा छंद, छायाचित्रण हा छंद, पक्षिनिरीक्षण तर फारच मोठा छंद. विणणारी बाई मात्र ‘वेळ जावा म्हणून’ विणते आणि रांधणारी बाई ‘घरचे बघते’. ही समजूत इतकी खोल रुजलेली आहे की विणणाऱ्या बायकाच अनेकदा ओशाळून सांगतात, ‘काही नाही, आपलं असंच.’ मी विणते आणि घरात रांधतेही. त्या ‘असंच’वर माझा आक्षेप आहे. त्यासाठी आधी विरुद्ध बाजूचे म्हणणे नीट ऐकू.

सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप पैशांचा आणि वेळेचा. बाजारात तयार स्वेटर लोकरीच्या किमतीत किंवा त्याहून कमीत मिळतो, फोनवर बोट ठेवले की अर्ध्या तासात गरम जेवण दारात येते, मग हा खटाटोप कशासाठी? यातला पहिला भाग खरा आहे. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला अर्धा किलोच्या आसपास लोकर लागते, आणि विणणारीच्या मजुरीचा एक रुपयाही धरला नाही तरी तो स्वस्त पडत नाही. पण छंदाला हा हिशेब कधीपासून लागू झाला? पहाटे उठून हरिश्चंद्रगड चढणाऱ्याला कुणी सांगत नाही की कोकणकड्याचा फोटो फुकट बघायला मिळतो. ज्या कामाचा आनंद करण्यात आहे, ते आयते मिळते हे सांगणे म्हणजे मुद्दा सोडून बोलणे आहे. मुंबईच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात दोन स्टेशनांच्या मध्ये चार सुया, म्हणजे चार ओळी, विणून होतात. तो वेळ दुसऱ्या कुठल्या मोठ्या कामाला लागला असता असे समजायलाही आधार नाही.

दुसरा आक्षेप उघड बोलला जात नाही, पण तो जास्त बोचरा आहे. या कामांना डोके लागत नाही, हात चालले की झाले, असे गृहीत धरलेले असते. इथे मला थोडे थांबून बोलायचे आहे, कारण असे म्हणणाऱ्यांनी ही कामे जवळून पाहिलेली नसतात.

स्वेटरला सुरुवात करण्यापूर्वी जाणती बाई थोडी लोकर घेऊन एक छोटा चौकोन विणते. दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजते. २२ बसत असतील तर ९० सेंटिमीटर घेरासाठी १९८ टाके. आता समजा तिचा हात सैल आहे आणि दहा सेंटिमीटरमध्ये प्रत्यक्षात २०च टाके बसतात. तेच १९८ टाके घातले तर घेर ९९ सेंटिमीटर होईल आणि स्वेटर अंगावर लोंबेल. दर दहा सेंटिमीटरला दोन टाक्यांचा फरक, आणि शेवटी नऊ सेंटिमीटरची चूक. शिवाय लोकर जाड की बारीक, सुई आठ नंबरची की दहाची (आपल्याकडच्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते) आणि विणणारीचा हात त्या दिवशी किती ताठ आहे, हे सगळे त्या चौकोनात धरलेले असते. मग मुंड्यांची घट, गळ्याची घट, दोन्ही बाजू सारख्या उतरवणे. हे गणित कागदाशिवाय, गप्पा मारता मारता चालते म्हणून ते गणित नसते असे थोडेच आहे?

विणीची रचना हाही विचार करण्याचाच विषय आहे. हातमागाच्या कापडात ताणा आणि बाणा असे दोन धागे काटकोनात एकमेकांना अडवतात, त्यामुळे ते कापड फारसे ताणत नाही. सुयांवरच्या विणीत एकच धागा असतो. फासातून फास काढत तो सगळा स्वेटर उभा करतो, आणि प्रत्येक फासाला सरकायला थोडी जागा असते म्हणून वीण ताणते आणि परत जागेवर येते. एक टाका सुलट, एक उलट अशी पट्टी आडवी सर्वांत जास्त ताणते, म्हणून ती मनगटाला आणि कमरेला घालतात. एक सुई सुलट आणि एक उलट विणली तर कडा गुंडाळत जाते. सगळ्या सुया सुलट विणल्या तर ती सपाट राहते. हे ज्यांनी शोधून काढले त्यांची नावे कुठल्या पुस्तकात नाहीत. पण १९९७ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या दाइना ताइमिन्या या गणितज्ञ बाईंनी जे केले त्याची नोंद आहे. हायपरबोलिक भूमितीतली पृष्ठे विद्यार्थ्यांना हातात धरून दाखवता येत नव्हती. कागदाची प्रतिरूपे फाटत. ताइमिन्यांनी क्रोशाची सुई घेतली, ठरावीक प्रमाणात टाके वाढवत गेल्या आणि ती पृष्ठे विणून वर्गात नेली. हाताळता येईल, दुमडता येईल असे एक कठीण गणित आजीच्या अवजाराने तयार झाले.

स्वयंपाकाचेही तेच. अनारशाचे उदाहरण घ्या. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचे, मग उपसून सावलीत फडक्यावर पसरायचे आणि ओल थोडी शिल्लक असतानाच कुटायचे. त्यात किसलेला गूळ मिसळून पीठ मुरत ठेवायचे. उन्हाळ्यात आणि थंडीत मुरण्याची गती वेगळी, म्हणून दिवस मोजून भागत नाही. गूळ जास्त झाला तर अनारसा तुपात पसरून विरतो. त्याला आपल्या बायका ‘अनारसा हसला’ म्हणतात. तसा तो हसला की पिठात थोडी तांदळाची पिठी मिसळून पुढचा टाकायचा. तळताना खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचे. आंबवणे, ओलाव्याचे प्रमाण, तुपाचे तापमान, या तिन्ही गोष्टी कुठलेही यंत्र न वापरता हाताने आणि नजरेने सांभाळाव्या लागतात. पुरण शिजले की नाही हे बघायला त्यात उलथने उभे करून बघतात. ते पडले नाही तर पुरण झाले. दाटपणा मोजण्याची इतकी सोपी आणि इतकी खात्रीची रीत ज्या स्वयंपाकघरांतून आली, त्यांना डोके नव्हते असे कसे म्हणायचे?

आता तिसरा आक्षेप. हा मी सर्वांत गंभीर मानते, कारण तो बायकांच्या बाजूने घेतलेला आहे. स्वयंपाकाला छंद म्हणणे म्हणजे सक्तीला साखर लावणे, असे अनेक स्त्रीवादी मैत्रिणी म्हणतात. आकडे त्यांच्या बाजूचे आहेत. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळवापर सर्वेक्षणात घरातले बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे प्रमाण ८१.२ टक्के होते, पुरुषांचे २६.१. जे हे काम करतात त्यांच्यात बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, पुरुषाची ९७. पाच वर्षांनी, २०२४च्या सर्वेक्षणात हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. बाईचा भार दहा मिनिटांनी उतरला, पण पुरुषाने तो उचलला नाही. त्याचीही नऊ मिनिटे कमीच झाली. सकाळी साडेसातला तीन डबे भरणाऱ्या बाईला ‘किती छान छंद आहे तुझा’ असे सांगणे हा तिचा अपमान आहे. हे मी विनाअट मान्य करते. ज्या बाईने आयुष्यभर रांधले आणि साठीला ‘आता मी ओट्याजवळ उभी राहणार नाही’ असे ठरवले, तिच्या निर्णयापुढे कुणी परंपरा आणू नये.

पण सक्ती वाईट म्हणून ते कौशल्यच हलके, हा निष्कर्ष मला पटत नाही. तो काढला की ज्या तुच्छतेमुळे हे काम बायकांच्या गळ्यात फुकट पडले, तीच तुच्छता आपण नव्या शब्दांत मान्य करतो. दुर्गाबाई भागवतांची आठवण इथे ठेवण्यासारखी आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासक, १९७५च्या कराड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष, आणीबाणीत सत्तेला न घाबरता बोललेल्या. याच दुर्गाबाईंनी ‘खमंग’ हे पाककृतींचे पुस्तक लिहिले. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, आणि त्यांना कुणी चुलीला जखडलेली बाई म्हणू शकले नाही. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० पासून हजारो मुलींना वाटी-चमच्याच्या मापात स्वयंपाक शिकवला. सासूच्या नजरेखाली चुकत शिकण्यापेक्षा पुस्तक समोर ठेवून आपल्या मनाने करून बघणे हा त्या मुलींसाठी मोकळेपणाच होता. भाग पाडलेला स्वयंपाक आणि हौसेने केलेला स्वयंपाक एकाच ओट्यावर होतो म्हणून दोन्ही एक ठरत नाहीत. पहिला वाटून घ्यायला हवा. तो वाटला गेला तरच दुसऱ्याला जागा होते.

विणकामाची गोष्ट थोडी वेगळी आहे. मुंबईत किंवा रत्नागिरीत स्वेटरवाचून कुणाचे अडत नाही. तरीही आपल्या आयाआज्या विणत होत्या. बाळंतविड्यातले टोपडे आणि पायमोजे, मुलांचे स्वेटर, १९६२च्या युद्धात जवानांसाठी देशभरातल्या बायकांनी विणलेले स्वेटर. जुना स्वेटर लहान झाला की तो उसवायचा, लोकरीच्या लडी धुऊन सरळ करायच्या आणि धाकट्यासाठी पुन्हा विणायला घ्यायच्या. बाईने पुस्तक घेऊन बसणे ज्या घरांत खपत नसे, तिथेही विणत बसणे खपे, कारण हात कामात दिसत. त्या परवानगीत अन्याय होता हे खरे. पण त्या आडोशाला बसून कितीतरी बायकांनी स्वतःच्या मनाचे नमुने काढले, आणि त्या घरात पूर्णपणे त्यांच्या मताने झालेली कदाचित तेवढी एकच गोष्ट असेल. ती गुलामीची खूण म्हणून फेकून द्यायला मी तयार नाही.

या छंदांची बाजू घेणाऱ्यांशीही माझे भांडण आहे. काहीजण संस्काराची भाषा बोलतात: घरचे अन्न, आईच्या हातची चव, मुलगी शिकलीच पाहिजे. ही माणसे चवीचा अभिमान बाळगतात आणि भांडी बाईकडे सोडतात. त्यांचे कौतुक नको. दुसरे म्हणतात, इतके छान करतेस तर ऑर्डरी घे. कमाईची गरज असेल त्या बाईने जरूर घ्याव्यात, घरगुती फराळावर अनेकींची घरे उभी राहिली आहेत. पण प्रत्येक आवडीचे दुकान झालेच पाहिजे, असे का? ऑर्डर आली की तारीख येते, गिऱ्हाईकाची पसंती येते, आणि उसवून पुन्हा विणण्याची मोकळीक जाते. तिसरे लोक विणकामाला औषध करून टाकतात. त्याने रक्तदाब उतरतो, स्मरणशक्ती टिकते, असे सांगतात. टिकत असेल तर चांगलेच, पण बुद्धिबळ खेळणाऱ्याला कुणी आधी डॉक्टरचा दाखला मागत नाही. विणणे आवडते, त्यात कौशल्य लागते आणि ते वाढवता येते, इतके कारण पुरेसे आहे.

माझे म्हणणे असे की हे छंद रोजचे आणि उपयोगी आहेत हीच त्यांची ताकद आहे. रोज केलेल्या आमटीला रोज तिथल्या तिथे दाद किंवा नापसंती मिळते, आणि उद्या आमसूल एक कमी घालून बघता येते. इतक्या लवकर, इतक्या वेळा आपली चूक तपासण्याची संधी फार थोड्या छंदांत आहे. विणलेला मोजा पायात जातो. टाच नीट वळवली नसेल तर तो पहिल्याच दिवशी सांगतो. केलेली गोष्ट दुसऱ्याच्या अंगावर, दुसऱ्याच्या ताटात जाते, म्हणून हलगर्जीपणा चालत नाही.

आणि हे बायकांचेच काम, ही समजूतही खरी नाही. आपल्या माळरानांवर धनगर पुरुष मेंढरांमागे चालता चालता लोकर कातत आले, घोंगडी त्याच सुताची. युरोपात विणकामाच्या व्यवसायश्रेणी पुरुषांच्या होत्या, आणि मोजे विणण्याचे पहिले यंत्र १५८९ साली विल्यम ली या पुरुषाने बनवले. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकच्या प्रेक्षागारात ब्रिटनचा टॉम डेली विणत बसलेला जगाने पाहिला. आपल्या सुवर्णपदकासाठी त्याने पिशवीही विणली होती. लग्नाच्या पंक्तीचा स्वयंपाक तर आपल्याकडे आचारी पुरुषच करत आले. पैसे आणि मान मिळतो तिथे पुरुषाच्या हातात झारा शोभतो. घरच्या ओट्यावर तो का शोभू नये, याचे उत्तर मला अजून कुणी दिलेले नाही.

२०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघेही भाजी निवडताना दाखवले. चित्र योग्य आहे, आता ते घराघरांत खरे व्हायला हवे. म्हणून ज्या घरात हा लेख वाचला जाईल तिथल्या पुरुषांना माझे सांगणे आहे: आठवड्यातले काही स्वयंपाक पूर्णपणे अंगावर घ्या. काय करायचे ते ठरवण्यापासून ओटा पुसण्यापर्यंत सगळे, आणि ‘मीठ कुठे आहे’ असे न विचारता. घरातल्या बाईला त्या वेळात काय करायचे ते तिचे तिला ठरवू द्या. ती विणेल, वाचेल किंवा झोपेल. आणि घरात विणणारी आजी असेल तर नातीबरोबर नातवालाही तिच्याजवळ बसवा. आठ नंबरच्या सुया, जाड फिकट रंगाची लोकर आणि वीस टाके, सुरुवातीला एवढे पुरते.